धुळाच्या वाळूला लावलेला बट्टा

कुंडलहून पलूसकडं निघालं की रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक शेड लागतं. वर पाटी नाही. पाटीची गरज कधी पडली नाही. आतनं लेथचा घरघराट आला की समजायचं, मानसिंग फौजी कामावर आहे. फौजेच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून उमेदीची वर्षं घातली, पेन्शनीत आला, आणि ऊस लावून कट्ट्यावर बसायचं सोडून ह्या गड्यानं दोन लेथ बसवली. पंपाचा शाफ्ट म्हणा, ट्रॅक्टरचं बुश म्हणा, गुऱ्हाळाच्या चरकाचा रोळ म्हणा, जे झिजलं, मोडलं, ते माणसं त्याच्या दारात आणून टाकायची. "फौजीकडं दिलंय," म्हटलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही.

माणूस हुशार, पण त्याला ती हुशारी लय ठाऊक. दुसऱ्याचं काम हातात घेतलं की नखानं कड बघायचा आणि म्हणायचा, "कुनी केलं? दातानं केलं का?" घरातसुद्धा तेच. भाकरी वाकडी झाली तरी हा ताटात बोट फिरवून दाखवणार. शालूबाई, त्याची बायको, एकदा म्हणालीसुद्धा, "आवं, कॅलिपर आना की तुमचा. मापून मग खावा."

त्याचा जोडीदार धुळा. दोघं शाळेत एका पट्टीवर बसलेले. मग एक फौजेत गेला आणि दुसरा बापाच्या भट्टीवर. धुळाच्या बापानं मेंढरं विकून ओतकामाची भट्टी घातली होती, गावाच्या खालतीकडं, ओढ्याच्या अंगाला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, आणि निवलं की साचा फोडून माल काढायचा. मग तो माल मानसिंगच्या लेथवर यायचा आणि मापात बसायचा. एकाचं काम दुसऱ्याशिवाय अर्धं. गावात त्यांना जोडीनंच ओळखत, फक्त नाव घेताना फौजीचं आधी घेत आणि धुळाला 'धुळ्या' म्हणत.

धुळाची सगळी पुंजी म्हणजे त्याची वाळू. येरळा नदीची बारीक वाळू, आणि ती एकमेकीला धरून राहावी म्हणून त्यात मळी. साखर निघून गेल्यावर कारखान्यात जो काळा चिकट रस उरतो, ती मळी. भट्टी पेटली की आळीभर करपलेल्या गुळाचा वास सुटायचा. ही वाळू एकदा वापरून टाकायची नसते. चाळायची, पाणी शिंपडायचं, थोडी मळी घालायची आणि परत साच्यात. बापानं चाळलेली वाळू अजून त्याच ढिगात होती. नवीन लोक औषधं घातलेली तयार वाळू आणायचे. धुळा म्हणायचा, "ती वाळू न्हवं, दुकान हाय."

ह्या दोघांच्या मधी एक वाफेचं इंजिन आलं.

कृष्णेच्या काठच्या एका कारखान्याच्या आवारात ते पडून होतं. पहिला चरक ह्याच इंजिनानं ओढलेला. मग मोटारी आल्या आणि इंजिन लिंबाच्या झाडाखाली गेलं. माणसापेक्षा उंच चाक, त्याच्यावर वेल चढलेले, सिलिंडरात पाल्यापाचोळ्याचा थर. चेअरमन धैर्यशीलदादा तरुण माणूस. त्यानं मनावर घेतलं, की औंदा मोळीपूजनाला, म्हणजे हंगामाची पहिली उसाची मोळी टाकायच्या दिवशी, हे चाक फिरलं पाहिजे. वाफेची अडचण नव्हती, बॉयलर पेटलेलाच असणार. त्यातनं एक नळी इंजिनाला द्यायची. अडचण सुट्या भागांची. इंजिन विलायतेचं, करणारी कंपनी कवाच बुडालेली. जे लागेल ते इथंच घडवायचं.

मानसिंगनं ते काम हौसेनं अंगावर घेतलं. एकेक बोल्ट काढला तर त्याचे आटे बाजारातल्या कुठल्याच नटाला लागेनात. त्यानं सगळे नव्यानं कातले. पितळी बुशं केली. वाफेला वाट देणारी झडप घासून आरशासारखी केली. राहिला तो दट्ट्या. सिलिंडरात वाफेच्या जोरानं पुढंमागं पळतो तो. परातीएवढा बिडाचा गोळा, मधनं दोन तुकडे झालेला. धुळानं ते तुकडे जोडून त्यावरनं लाकडी नमुना केला, आपल्या वाळूत साचा बसवला आणि ओतला. माल निवल्यावर हातोडीची टिचकी मारली तर घंटा वाजावी तसा वाजला.

"ऐकलंस का रं?" धुळा म्हणाला.

"ऐकलं. आता वाजवू नगंस. देवळात न्हाई बसवायचा," मानसिंग म्हणाला. पण त्यालाही बरं वाटलं होतं.

दट्ट्या नव्या लेथवर मावेना. म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या लेथवरची ताडपत्री काढली. आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. लेथवर टूल पुढं सारायला एक हँडल असतं आणि त्यावर आकड्यांची चकती. मानसिंगच्या नव्या लेथवर चकती जेवढं दाखवते तेवढाच व्यास कमी होतो. जुन्या लेथवर तसं नाही. तिथं चकती सांगते की टूल किती सरकलं. माल गोल फिरत असतो, म्हणून टूल एका अंगानं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आत गेलं की व्यास दोन सूत घटतो. जुन्या लेथवर जेवढं काढायचं त्याच्या निम्मं फिरवायचं, एवढं साधं आहे. पण चार-पाच वर्षं हाताला नव्याची सवय लागलेली.

काम शेवटाला आलं होतं. व्यासातनं अजून एक सूत कमी व्हायचं होतं, तेवढ्यात कारखान्याचे संचालक आले. पांढऱ्या कपड्यातली माणसं शेडात दाटीनं उभी राहिली, कुणी फोटो काढू लागलं. मानसिंगला चेव आला. जबलपूरला एक जनरल आला होता आणि त्यानं ह्याच्या पाठीवर थाप कशी मारली, ही गोष्ट गावानं तोंडपाठ केलेली, पण संचालकांना नवी होती. गोष्ट सांगत सांगत त्यानं हँडल फिरवलं. सूतभर काढायचं, तर चकतीवर सूतभर. लेथ जरा कण्हलं. जनरल त्या वेळेला ह्याच्या खांद्यावर हात ठेवत होता, त्यामुळं कण्हणं ऐकू गेलं नाही. संचालक वा वा करून गेले.

मग त्यानं कॅलिपर लावला. कॅलिपर सैल पडला. त्यानं पुसून परत लावला. चकतीकडं बघितलं, आणि मग ध्यानात आलं, हे जुनं लेथ.

त्या सिलिंडरात आता हा दट्ट्या म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडात दुसऱ्याची कवळी. आयटीआयच्या पोरानं पहिल्या आठवड्यात करावी आणि मास्तरनं कान धरून बाकावर उभं करावं, अशी चूक. मानसिंग लेथला टेकून तसाच बसला. त्या घटकेला खरं बोलला असता तर एक ओतकाम वाया गेलं असतं, बाकी काही नाही. पण फोन वाजला. धैर्यशीलदादा.

"आबा, आमची मंडळी लय खूश हून आल्यात. दट्ट्या झाला म्हनं?"

"न्हाई," मानसिंग म्हणाला. आणि पुढचं तोंडातनं असं गेलं, जणू कुणी शिकवून ठेवलेलं. "माल पोकळ निघाला दादा. कडंला हवा धरलीया. पोकळी निघून जाती का बघावं म्हनून कातत गेलो, तर व्यासच गेला."

खोटं असं बसलं की त्याला कुठं फट नव्हती. पोकळी कुठाय विचारावं, तर ती कातून बिडाच्या किसात गेली. दट्ट्या बारका का, तर पोकळी काढता काढता. कारागिरानं आयुष्यात इतकं चोख काम केलं नसेल.

संध्याकाळी धुळा आला. दट्ट्या उचलून उजेडात धरला, फिरवला, कडेवर अंगठा ओढला.

"कुटं हुती रं?"

"हितं, कडंला."

"केवढी?"

मानसिंगला आता तिचा आकारही ठरवावा लागला. "हरबऱ्याएवढी."

धुळानं दट्ट्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मळी पातळ आली हुती ह्या खेपंला. तीच नडली असंल. तुझी मेहनत वाया घालवली गड्या मी."

त्यानं दट्ट्या सायकलला बांधला आणि नेला. वाया गेलेला माल परत भट्टीत जायचा, ती त्यांची रीतच होती. दुसऱ्या दिवशी घणानं फोडून तो वितळवलासुद्धा. पोकळी होती का नव्हती, हे सांगणारं जगात आता एकच तोंड उरलं.

आणि त्या तोंडाला अन्न गोड लागेना. मानसिंग खालतीकडच्या रस्त्यानं जाईनासा झाला. लेथवर उभा राहिला की चकतीकडं तीनतीनदा बघायचा. पलूसला धुळाकडनं पंपाची कवचं ओतून घेणारी दोन गिऱ्हाइकं होती. संचालकांच्या तोंडून ती गोष्ट तिथवर पोचली आणि दोघांनीही आपापले लाकडी नमुने धुळाकडनं उचलून नेले. "फौजीनंच सांगितलंय, धुळ्याचा माल पोकळ निघतोय," असं बाजारात झालं. फौजीनं सांगितलंय म्हटल्यावर दुसरं कोण काय विचारणार.

"आवं, तोंड का पाडलंय?" शालूबाईनं विचारलं. "त्या धुळाभावजीचं काम गेलं म्हनून व्हय? मग तुमी दोन शब्द टाका की. तुमचं ऐकत्यात लोक."

"तू गप."

"मी गपच हाय. तुमीच रातभर कुशी बदलताय."

पंधरवड्यानं धुळा दुसरा दट्ट्या घेऊन आला. चेहरा खुललेला. "आता वास न्हाई, काय न्हाई. कुपवाडहून औषधाची वाळू आनली. पोरासोरांच्या हातची वाळू हाय, पर काय करतोस, लोकांना तीच पायजे."

तो गेल्यावर मानसिंगनं माल लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, धरला. निम्मं निम्मं मोजून, जिवापाड जपून पहिला हात मारला. वरचं साल निघालं आणि खाली काळी भोकं दिसली. एक नाही, ओळीनं. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी कड. धुळाच्या हाताला त्या वाळूची सवय नव्हती. तिच्यातनं हवा कशी बाहेर काढायची ते त्याला उमगलं नव्हतं. मानसिंग जे खोटं बोलला होता, ते आता खरं होऊन त्याच्या लेथवर फिरत होतं.

त्यानं लेथ बंद केलं. धुळाला सांगायचं काय? जुन्या वाळूवर ये. का? जुनी वाळू चांगली आहे. मग पहिला पोकळ कसा निघाला? पुढं जायला वाटच नव्हती. त्यानं मोटारसायकल काढली आणि किती दिवसांनी खालतीकडच्या रस्त्याला लागला.

भट्टीपुढं ट्रॉली उभी होती. दोन गडी फावड्यानं काळी वाळू भरत होते. शाळेच्या रस्त्याला खड्डे पडलेले, त्यात टाकायला पंचायतीनं मागितली होती आणि धुळानं घेऊन जा म्हटलं होतं. निम्मा ढीग ट्रॉलीत गेलेला. धुळा बाजूला दगडावर बसून बघत होता.

"थांबीव त्यास्नी," मानसिंग म्हणाला.

"का रं? दुसराबी पोकळ?"

"व्हय."

धुळानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "मग वाळूत खोट न्हाई. माझ्याच हातात हाय. भट्टी मोडतो गड्या आता. पोरगं सांगलीला वाचमनकी कर म्हनतंय, तीच बरी."

मानसिंग मोटारसायकलवरनं उतरला. "पैला पोकळ न्हवता," तो म्हणाला.

"आँ?"

"पैला माल चोख हुता. पोकळी बिकळी काय न्हवती. माप चुकलं."

"कुनाचं?"

"माझं. जुन्या लेथची चकती इसरलो. निम्म्याच्या जागी पुरतं फिरवलं. आन् तुझ्यावर ढकललं."

फावडी थांबली होती.  धुळा शिव्या देईल, अंगावर येईल, असं मानसिंगला वाटलं. खरं तर त्याला ते पाहिजेच होतं. धुळा उठला, ट्रॉलीपाशी गेला आणि गड्यांना म्हणाला, "उतरा खाली. परत ओता ढिगावर." दोघं बघतच राहिले, तसं त्यानं स्वतःच फावडं घेतलं. वाळू ओढता ओढता तो पाठमोराच बोलला.

"हरबऱ्याएवढी म्हनलास."

"व्हय."

"मी ती सगळी वाळू बोटानं चाळली. हरबऱ्याएवढा खडाबिडा गेला असंल म्हनून. बायकू म्हनाली खुळं झालंय."

मानसिंगला वाटलं, जमिनीनं आता आपल्याला आत घ्यावं. जमीन काही घेईना.

"चल," धुळा फावडं टाकत म्हणाला. "चेअरमनपुढं सांग. मी ऐकनार हाय."

कारखान्याच्या हाफिसात धैर्यशीलदादा आणि तेच संचालक चहा घेत बसलेले. मानसिंगला खुर्ची मिळाली. धुळा दारातच उभा राहिला. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मानसिंगनं जे घडलं ते सांगितलं. चकती, जनरल, कॅलिपर, फोन, सगळं. कान तापले होते, पण अडखळला नाही. सांगून झालं आणि तो बोलणी खायची वाट बघत बसला.

धैर्यशीलदादानं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट तो हसला, अगदी मायेनं.

"आबा, मानलं तुमाला. जोडीदाराची रोजीरोटी जाऊ ने म्हनून सगळं आपल्या अंगावर घेताय."

"तसं न्हाई दादा. मी खोटं बोललो हुतो."

"फौजीचं माप चुकलं म्हनं," एक संचालक दुसऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाला. "सांगायचं तर पटंल असं तरी सांगावं."

"आन् दुसऱ्या दट्ट्याचं काय? त्योबी तुमीच पोकळ केला?" तिसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

दादा दाराकडं वळला. "धुळा, बघ रं. असा दोस्त मिळाया नशीब लागतं. आता तरी ध्यान दिऊन काम कर. आबांच्या शब्दावर आनखी एक संधी देतो."

धुळानं एकदा मानसिंगकडं बघितलं. "व्हय दादा," म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

दोघं मोटारसायकलवरनं परत निघाले. घोगावच्या पुढं आल्यावर मानसिंग म्हणाला, "आता काय करू, तूच सांग."

"मला कशाला इचारतोस? खोटं बोलताना इचारलं हुतंस?" धुळा म्हणाला. "दट्ट्या मी ओततो, माझ्या वाळूत. त्यो काय दादासाठी न्हाई. पर पलूसची मानसं माझ्या दारात परत कशी यायची, ते तू बघ."

मानसिंगनं बघितलं. जयराज नावाचा पंपवाला होता, धुळाकडनं नमुने उचलून नेणाऱ्या दोघांतला एक. मानसिंगनं त्याला शेडात बोलावून घेतलं आणि सगळं परत सांगितलं. जयराजनंही तेच तोंड केलं, मोठ्या मनाच्या माणसापुढं करतात ते. तेव्हा मानसिंगला कळलं की आपण जोवर चांगल्या माणसासारखं बोलतोय तोवर कुणी ऐकणार नाही. त्यानं जुन्या लेथवर एक लोखंडी तुकडा धरला.

"ह्यो मोज."

जयराजनं मोजला.

"एक सूत काढायचंय. आता बघ फौजीची कला." त्यानं चकतीवर पुरतं सूत फिरवलं आणि हात मारला. "आता मोज."

जयराजनं कॅलिपर लावला. परत लावला. "आबा, डबल गेलं की."

"तसाच दट्ट्याबी गेला."

जयराजनं चकतीकडं बघितलं, मग मानसिंगच्या तोंडाकडं. तोंडाकडं बघून त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, पण मायेचं ते हसू गळून पडलं आणि खालून खरं हसू वर आलं. तो स्टुलावर बसला. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसला.

"आयला, आबा, हे तर आयटीआयत पैल्या आठवड्यात शिकवत्यात. आन् आमच्या मालाला तुमी नखं लावत हुता."

"व्हय."

"दातानं केलं का म्हनत हुता."

"व्हय रं. म्हनत हुतो."

जयराजनं तिथंच बसून दोघांतिघांना फोन लावले. मानसिंग लेथ पुसत उभा राहिला आणि आपलीच गोष्ट मीठमसाला लावून ऐकत राहिला. तो आठवडा संपायच्या आत पलूसच्या बाजारात त्याचं नाव डबल फौजी पडलं. चहाच्या गाड्यावर पोरं विचारायची, "आबा, कप एक सांगू का डबल?" शेडात बुश घेऊन आलेली माणसं जाताना आपल्या हातानं मोजून बघू लागली. त्याच्यासमोर. तो कॅलिपर स्वतःच पुढं करायचा. घरात भाकरी वाकडी आली तरी त्याचं बोट ताटात फिरेना.

तिसरा दट्ट्या घंटेसारखा वाजला आणि मापात बसला. मोळीपूजनाच्या दिवशी नळीतनं वाफ सोडली, इंजिनानं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि मग ते मोठं चाक असं फिरायला लागलं की माणसं मागं सरली. म्हाताऱ्या सभासदांनी हात जोडले. धैर्यशीलदादानं माइकवर मानसिंगच्या कसबाचं आणि दिलदारीचं कौतुक केलं. धुळाच्या हातनं चूक झाली पण आबांनी सांभाळून घेतलं, असंच त्याच्या डोक्यात अजून होतं. तेवढ्यात गर्दीतनं जयराज ओरडला, "दादा, ती डबलची गोष्ट सांगा की." सगळं आवार खदखदलं. दादाला काही कळेना. मानसिंग पुढच्या रांगेत उभा होता. त्यानं मान वळवली तर चार माणसं सोडून धुळा उभा होता आणि तोही हसत होता, पोट धरून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीपुढं जयराजचा टेंपो लागला होता. लाकडी नमुने उतरत होते. दुसरा पंपवाला काही परत आला नाही; त्याला सांगलीत स्वस्त पडत होतं. मानसिंग मोटारसायकलवरनं तिथनंच चालला होता. टेंपो बघून त्यानं वेग जरा कमी केला. धुळानं वळून बघितलं, हात वर केला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. करपलेल्या गुळाचा वास येत होता. त्या वासातनं मानसिंग तसाच पुढं गेला.